पेन्सिलीखालची आई

माझी मावशी आयुष्यभर लोकांची तोंडं सुधारत आली. बोलून नव्हे; बोलायचा तिला मुळातच कंटाळा. फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत, खिडकीशी तिरक्या मेजावर बसून ती निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची. पॉलिश पेपरवर घासून शिसाला सुईसारखं टोक काढायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि कोणाचे मुरुमांचे खड्डे, कोणाच्या सुरकुत्या ठिपक्याठिपक्यांनी बुजवायच्या. बुजवलेली जागा फोटोत उजळ यायची. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, आणि मावशीची मान कायमची आखडलेली.

मध्यंतरी तिने कपाट आवरायला काढलं आणि बिस्किटांच्या डब्यात माझ्या आईची निगेटिव्ह सापडली. दोन पेरांएवढी, चौकोनी. मी धड चालायला लागले नव्हते तेव्हा आई गेली. तिचा भिंतीवरचा एकुलता एक फोटो पुढे वाळवीने खाल्ला. सगळे एवढंच सांगतात की फार शांत होती हो, अगदी गरीब गाय. असल्या बाईच्या पोटी तू कशी आलीस, हेही वर ऐकवतात. तर मला आई बघायची होती. बाकी काही नको होतं.

माझ्या नवऱ्याने एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, पाठवून द्या, स्वच्छ धुऊन स्कॅन करतो. धुणार म्हटल्यावर मावशी ताडकन उठली. हा फोटो तिने स्वतः काढला होता, सुट्टीच्या दिवशी मालकाचा कॅमेरा मागून. तिच्या हातचं सगळ्यात चांगलं काम त्यावर होतं आणि ते परक्या माणसाने धुतलेलं तिला चालणार नव्हतं. झालं. घरीच करायचं ठरलं.

नवऱ्याने ऑफिसातला स्कॅनर उचलून आणला. आला काय, तर काळा ठिक्कर चौकोन. फिल्मला उजेड पाठीमागून लागतो आणि त्या स्कॅनरच्या झाकणात दिवाच नाही. एवढं धूड जिने चढवून आणण्याआधी कोणाला विचारेल तर शपथ! मग मी डोकं चालवलं. टॅबचा पांढरा स्क्रीन खाली, त्यावर निगेटिव्ह, वरून कॅमेरा. चित्र आलं, पण आईच्या कपाळभर जाळी. स्क्रीनचे बारीक ठिपके, दुसरं काय. नवरा गालात हसला, तेव्हा मी त्याला आपला चहा आपण कर म्हणून सांगितलं. शेवटी मावशीने आपल्या जुन्या मेजाची दुधी काच सोडवून दिली. टॅबच्या दोन बाजूंना दोन वाट्या पालथ्या, त्यांवर काच, काचेवर निगेटिव्ह आणि खाली तोंड करून बांधलेला कॅमेरा. जाळी गेली.

नवऱ्याने कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि आई समोर आली. देखणी होती, खोटं कशाला बोलू? पण कपाळ गुळगुळीत, चेहऱ्यावर एक रेघ नाही. मला वाटलं होतं, रडू कोसळेल. ते येईचना, आणि त्याचाच मला असा संताप आला की मी खुर्ची ढकलून उठले.

"ही कोणाचीही आई असेल," मी मावशीला म्हटलं.

मला वाटलं, मावशी दुखावली. पण स्क्रीनकडे बघत तिने माझ्या नवऱ्याला विचारलं, हे चित्र आता कायम राहील ना? दोन ठिकाणी ठेवलंय, तो म्हणाला. मग तिने टर्पेंटाइन आणि कापूस मागितला.

निगेटिव्ह एकच, आणि मावशीचा हात आताशा थरथरतो. ओरखडा उठला तर संपलंच सगळं. मी म्हटलं, राहू दे, आहे तेवढं पुरे.

"पेन्सिल माझी आहे," मावशी म्हणाली. "तुझी आई तिच्याखाली आहे."

तिने कापूस भिजवून, पिळून, चेहऱ्यावरून अलगद फिरवला. कापूस करडा झाला. फिल्म सुकू दिली. मग नवऱ्याने ती काचेवर ठेवून पुन्हा फोटो घेतला.

बाई तीच. पण दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या, आणि ओठाच्या कोपऱ्याशी एक तिखट रेघ. आता कुठल्याही क्षणी कोणाची तरी खरडपट्टी काढेल अशी. मावशी हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, शांत कसली, महातापट! मी हलू नकोस म्हणत होते तर फोटो काढतानाही माझ्याशी भांडत होती. आई गेल्यावर मावशीने बसून ते सगळं पेन्सिलीने बुजवलं होतं, पोरीला आई प्रसन्न दिसावी म्हणून. भिंतीवरचा तो फोटो बघून बघून लोकांना बाई शांतच आठवायला लागली.

नवरा एकदा स्क्रीनकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

"बघतोस काय असा?" मी त्याच्यावर खेकसले, आणि मग मला जे रडू फुटलं ते आवरेना.

मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला. "अगदी अशीच खेकसायची," ती म्हणाली.