मिलिंदचा कोकोपू

माझा मित्र मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी बॉटनी डाउन्सच्या एका दुकानात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, बघत होतो. हातातली जोडी तशीच घेऊन बाहेर आलो, मग ती परत ठेवायला आत गेलो... तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. आता काही आठवडे उलटले, तरी तेच.

माउंट रॉस्किल या उपनगरातल्या त्याच्या घरात मोठ्या सोफ्याला जागा नव्हती, माशाच्या टाकीला होती. टाकीत एकच मासा, इथल्या ओढ्यांत सापडणारा कोकोपू. काळपट, अंगावर सोनेरी ठिपके, ओंडक्याखाली दबा धरून बसणारा आणि तोंडात मावेल ते गिळणारा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. मिलिंदने तो ओढ्यातून उचलला नव्हता, मासे वाढवणाऱ्या एका माणसाकडून रीतसर आणला होता. उन्हाळ्यात हा इंजिनियर माणूस जेवणावरून उठून पाणी तापलं का बघायचा, बर्फाच्या बाटल्या त्यात ठेवायचा आणि मामा उडी मारून बाहेर पडेल म्हणून झाकणावर विटा रचायचा. मी वैतागायचो.

"आपल्याकडे लोक मासा तळतात, तू त्याची बडदास्त ठेवतोस."

"अरे, हा इथला मूळचा. भाडेकरू आपण," तो म्हणायचा. "हीप्स ऑफ लोक, ढिगाने, हौसेने मासे आणतात आणि कंटाळा आला की ओढ्यात टाकतात. टाकीतले रोगही जातात ना सोबत! पाळला म्हणजे शेवटपर्यंत."

आमची शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये झाली. त्याची बायको, ज्योतीवहिनी, चहा आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात तो मला म्हणाला, "ज्योतीला दया येईल रे. ती मामाला ओढ्यात सोडेल. तिला सांगायला हवं." वहिनी आल्या, त्यांनी त्याचा हात हातात घेतला. त्यांच्याकडे बघत तो कसंबसं म्हणाला, "सोडू नकोस..." "नाही सोडत," असं म्हणून त्यांनी हात घट्ट धरला. त्यानंतर तो काही बोलला नाही. हात सोडू नकोस असंच तो म्हणाला, असा वहिनींचा समज झाला; तो मोडणं मला जमलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मिलिंदच्या स्मरणार्थ ठेवलेल्या बौद्ध विधीच्या, सकाळी त्यांच्या घरी गेलो, तर वहिनी पाण्याने भरलेली बादली घेऊन टाकीपाशी उभ्या.

"यांच्या नावाने एक जीव मोकळा करते, भाऊजी. मागच्या ओढ्यात."

गप्प राहिलो तर मिलिंदचा शब्द जाणार होता, आणि बोललो तर वहिनींपाशी उरलेलं त्याचं शेवटचं बोलणं. खोलीभर येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी बोललोच.

"वहिनी, तो सोडू नकोस म्हणाला ना... ते मामाबद्दल होतं."

"माहीत आहे मला. चहा घेऊन दारातच उभी होते मी. ऐकलं सगळं."

"मग ही बादली?"

त्यांनी बादली टाकीपाशी खाली ठेवली.

"ते माझ्या हाताबद्दल होतं, असं मामा या घरात आहे तोवर मला मानता येत नाही, भाऊजी. म्हणून."

मला रडू आलं. वहिनींनी बादली नेऊन लॉनवर उपडी केली, परत आल्या आणि झाकणावरच्या विटा एकेक करून खाली ठेवल्या.

"पाणी किती गार लागतं त्याला? दाखवा मला," त्या म्हणाल्या. त्यांनी बाही वर करून हात पाण्यात घातला, आणि मी पुरे म्हटलं तरी बाहेर काढला नाही.