गर्दीचं पाणी

जिवाची वाढ खुंटते ती शेजाऱ्यांमुळे, असं छातीठोकपणे सांगणारा अख्ख्या वऱ्हाडात एकच माणूस होता, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. आमचे हे साडभाऊ शेतकी कॉलेजात शिकवत. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांशेजारी बाटल्या मांडलेल्या असत आणि त्यांत डोळ्यांना धड न दिसणारे सूत्रकृमी वळवळत. ज्या पाण्यात या किड्यांची दाटी झाली, ते पाणी साडभाऊ गाळून घेत. त्याला त्यांनी 'गर्दीचं पाणी' असं नाव दिलं होतं. त्यात नवी पिल्लं सोडली की भरपूर खायला असूनही ती अर्ध्यावरच वाढायची थांबत. ताज्या पाण्यातली मात्र पुरी वाढत. म्हणजे गर्दी पाण्यात काहीतरी रसायन सोडते आणि ते पिल्लांना सांगतं, थांबा, इथे जागा नाही. त्या पिल्लांची लांबी ते सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास मोजत बसत. माझ्या लग्नात पंगतीला बसण्याआधी त्यांनी मांडवातला रांजण हुंगला होता. स्वतःच्या बुटकेपणाचं खापरही त्यांनी घरावरच फोडलं होतं. "नऊ भावंडं आमी, साडभाऊ! एका रांजणाचं पाणी. मी वाढू कसा?" कॉलेजात त्यांना जंतमास्तर म्हणत, खेड्यातले लोक पोरांच्या जंतांवर औषध मागायला येत. हसणाऱ्यांपैकी एकानेही कधी त्या भिंगाला डोळा लावला नाही, याचा मला आजही राग येतो.

शेवटी नागपूरचे एक मोठे साहेब प्रयोग बघायला यायचे ठरले. त्यांना पटलं तर कॉलेजात स्वतंत्र खोली मिळणार होती. नाही तर धामणगावच्या बियाण्यांच्या गोदामावर बदली ठरलेलीच होती. साहेब आधी अमरावतीला उतरले होते; साडभाऊ त्यांना आणायला तिकडे गेले, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण आलं. ग्रहण सुटलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकायचं, ही आपली रीत. ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, नवऱ्याचं पाणी ओतवेना. तुळस टाकली की पाण्याला ग्रहण बाधत नाही, म्हणून त्यांनी वेध लागण्याआधीच एकेका बाटलीत पानं टाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाटली उजेडात धरली. मी तिथेच होतो. वर तुळशीची पानं तरंगत होती, आणि ताज्या पाण्यातले काय आणि गर्दीच्या पाण्यातले काय, सगळे किडे सारखेच मरून तळाशी बसले होते.

"तीर्थ आहे का हे?" साहेबांनी विचारलं.

साडभाऊंनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात ताई पदर सावरून उभ्या होत्या, मोठ्या समाधानाने. मी बोलायला तोंड उघडलं, तर साडभाऊंनी माझा हात दाबला.

"प्रयोग चुकला, सायेब," ते म्हणाले. "माहंच मोजमाप चुकलं."

त्यांची उरलेली नोकरी धामणगावी पोत्यांवर शिक्के मारण्यात गेली. ते वारले तेव्हा मी भेटायला गेलो. ताई डोळे पुसत म्हणाल्या, "त्यायच्या हातून लय मोठं काम होनार होतं, भाऊजी. त्या सायबालेच काई समजलं नाई. मी तं पानी वाचवलं होतं."

"हो ताई," मी म्हणालो, "तुमी वाचवलं होतं."