कुंकवानं पास केलेलं सॉफ्टवेअर

परवा खंडेनवमीला चाकणच्या आमच्या कंपनीत जी काही धमाल झाली ना... अजून आठवलं की हसू येतंय.

आम्ही धुतलेले पार्ट सुकवायची मशीन बनवतो. नोझलमधून जोरात हवा सुटते आणि पार्टवरचं पाणी उडवते, एवढंच काम. पण नव्या मशीनमध्ये पार्टची एक कड काही केल्या ओलीच राहत होती आणि का, ते कुणालाच कळेना.

हवा कुठे जाते हे कॉम्प्युटरवर बघायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे, पण लायसन्स एकच... सगळे रांगेत. म्हणून मी आमचे डिझाइन हेड जाधव सर यांच्या मागे लागून एक ओपन-सोर्स सॉफ्टवेअर तपासायची परवानगी मिळवली. "फुकट ते पौष्टिक, होय?" असं म्हणून त्यांनी दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर पटलं नाही तर विषय बंद.

मीही हट्टाला पेटले. ताथवड्याला घरी जेवतानासुद्धा डोक्यात तेच. आधी पुस्तकात उत्तर दिलेला हवेचा साधा गोल झोत चालवून पाहिला, तर तो पुस्तकातल्यापेक्षा भलताच फाकला... टर्ब्युलन्सचं, म्हणजे हवेतल्या भोवऱ्यांच्या हिशेबाचं, मॉडेल बदललं तेव्हा कुठे पुस्तकाशी जुळला.

मग आमची मशीन घातली. उत्तर काय आलं, तर हवा पार्टकडे जातच नाही, नोझलच्या बाजूच्या पत्र्याला चिकटून पुढे सरकते. हवेला पत्र्याची एवढी कसली माया, म्हणून सरांनी मान हलवली. खरं सांगते, माझाही धीर सुटला होता.

खंडेनवमीची पूजा आमच्याकडे सरांच्या हातून होते. पूजेनंतर मशीन क्षणभर चालवायची आणि मग दिवसभर विश्रांती द्यायची, अशी पद्धत. सरांनी मोठ्या भक्तिभावानं प्रत्येक नोझलच्या तोंडाला चिमूटभर कुंकू लावलं, नारळ फोडला... आणि तसंच बटण दाबलं.

पत्र्याच्या टोकाशी उभ्या सरांचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. आम्ही सगळे ओठ दाबून हसू आवरतोय. तेवढ्यात माझी नजर पुसून लख्ख केलेल्या पत्र्यावर गेली... प्रत्येक नोझलपासून एक लाल पट्टा निघून पत्र्यावर वळलेला. समोरच्या पार्टवर मात्र कुंकवाचा कणही नाही.

सर पत्र्याजवळ वाकले आणि म्हणाले, "मृणाल, लॅपटॉप आण."

स्क्रीन पत्र्याशेजारी धरली. तेच वळण, तीच जागा. सर त्या गुलाबी शर्टात इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पत्रा कुणी पुसायचा नाही रे," सगळ्यांना दम दिला, आणि मला म्हणाले, आता हेच वापरायचं, टीमला तूच शिकव. मला तर नाचावंसं वाटत होतं.

आज पत्रा मागे सरकवला. कड ठणठणीत कोरडी.

हे सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं कोण, कुठली, मला माहीत नाही. वर्षानुवर्षं खपून केलेलं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवून मोकळी झालीत... काल घरी सगळ्यांना सोनं देऊन झाल्यावर त्यांच्या वाटचं आपट्याचं पान मी लॅपटॉपवर ठेवलं आणि मनापासून नमस्कार केला.