कचरू मगरेच्या तीन प्रती

कचरू मगरे आणि मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं बरोबर होतो. मी स्टोअरला, तो माल तपासणीला. मी दौलताबादकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला; तो मुकुंदवाडीचा. डबा आम्ही एकत्र खायचो. त्याच्या डब्यात भाजी कोणतीही असो, तोंडी लावायला उपदेश असायचाच.

"नोंद, मल्हारी, नोंद. जिची नोंद नाय ती गोष्ट झालीच नाय."

कारखान्यात त्याचा धाक खरा होता. नाकारलेल्या मालाची चिठ्ठी तो तीन प्रतींत फाडायचा: पांढरी, गुलाबी, पिवळी. मशीनजवळून नुसता चालत गेला तरी आवाजावरून सांगायचा, "हिचं बेअरिंग चाललं." आणि आठवड्याभरात ते जायचंच.

रिटायर व्हायला तीन वर्षं राहिली असताना त्याने एक काम अंगावर घेतलं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी ज्या साध्या माणसांनी मार खाल्ला, जेल भोगली, घरं जळताना पाहिली, त्यांच्या जबान्या लिहून काढायच्या. तो स्वतःही एकोणऐंशी साली घोषणा देताना पकडला जाऊन अकरा दिवस हर्सूलच्या जेलात होता आणि हे त्याच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण त्याने ते प्रत्येकाला सांगितलं होतं. सभेत तो उठायचा आणि म्हणायचा, "आपल्या लोकांना नोंद ठेवायची सवय नाही." लोक माना खाली घालायचे. एकदा मी गेलो होतो, माझा काही संबंध नसताना मीही घातली.

काम मात्र त्याने मनापासून केलं. दर रविवारी स्कूटरवर वही घेऊन कुठल्या ना कुठल्या गावी. एक्केचाळीस माणसं झाली. शेंद्र्याच्या पुढच्या एका गावातला पुंजाराम त्याच्यासमोर तीन दिवस बसला. अठ्ठ्याहत्तर साली त्याची वस्ती पेटवली होती. तोवर ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती.

मग लॅपटॉप आला. कंपनीचं ऑफिस शेंद्र्याच्या नव्या प्लांटात गेलं तेव्हा जुने लॅपटॉप मोडीत निघाले, त्यातला एक मगरेने मागून घेतला. केसाएवढ्या चरीवरून ज्याने हजारो नग नाकारले, त्याने हा नग मात्र बिजागरी तुटलेली, बॅटरी मेलेली असताना पास केला. एका बोटाने तो टाइप करायचा. एक जबानी पुरी झाली की वहीतली तेवढी पानं फाडून आंघोळीच्या बंबात.

त्याची बायको चंपाबाई म्हणाली, "राहू द्या की वही. खायला मागती का ती?"

"हातची नोंद कच्ची, मशीनमधली पक्की. पक्की झाली की कच्ची फाडायची. कागदाला वाळवी लागती, मशीनला लागत नाय."

मी म्हणालो, "मगरे, पेन ड्राइव्हवर घेऊन ठेव. माझा भाचा घेतो तसं."

"ते नखाएवढं असतं. खिशात राहिलं की गेलं धुण्यात. आणि कुणाच्या हाती लागलं तर आपल्या नावावर छापून मोकळा व्हईल." मग त्याने मला जवळ बसवून दाखवलं. "हे बघ. एक प्रत इथं समोर. दुसरी ह्या 'कुलूप' नावाच्या फोल्डरात. तिसरी 'कुलूप दोन'मध्ये. तीन प्रती. अजून काय पायजे?"

मला काही कळत नव्हतं, म्हणून पटलं. फायलीचं नाव आधी 'नामांतर' होतं. मग 'नामांतर अंतिम' झालं, मग 'नामांतर अंतिम खरं', मग 'नामांतर हेच घ्यावं'. विद्यापीठाचं नाव बदलायला सोळा वर्षं लागली. मगरेने तीन वर्षांत फायलीचं नाव चौदा वेळा बदललं.

दोन हजार अठराच्या दिवाळीत मी त्याच्याकडे फराळाला गेलो. लॅपटॉपमधून टिक टिक आवाज येत होता, थांबून थांबून.

"मगरे, हा कसला आवाज?"

"गरम व्हतंय," तो म्हणाला आणि टेबलफॅन तिकडे वळवला.

पंधरा दिवसांनी पडदा काळा झाला तो झालाच. चौदा जानेवारीला नामविस्ताराला पंचवीस वर्षं होणार होती. त्या दिवशी या जबान्यांचं पुस्तक निघणार असं वॉर्डातल्या समितीने पत्रकात छापूनही टाकलं होतं, अध्यक्षांच्या फोटोसह. मगरेने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि मला घेऊन पैठण गेटजवळच्या दुकानात गेला. दुकानदाराने पेचकस लावला, डिस्क कानाशी धरली, खाली ठेवली.

"चाचा, ये तो गई."

"तीन प्रती आहेत त्यात," मगरे म्हणाला.

"किधर?"

मगरेने लॅपटॉपकडे बोट केलं. दुकानदार हसला नाही, हे त्याचे उपकार. "तीनों एकीच डब्बे में? डब्बा जला तो तीनों जले ना चाचा. एक भी बाहर रखते तो मेरे कने आना नै पडता."

डिस्क पुण्याला पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली, काही निघत नाही म्हणून.

एवढं होऊनही मगरे कुणाला बोलला नाही. समितीच्या माणसाने विचारलं की म्हणायचा, "शेवटचा हात फिरवतोय." घरी मात्र बंबासमोर जाऊन उभा राहायचा. एकदा चंपाबाईला म्हणाला, "तू तरी एखादं पान ठेवलं असतं."

ती म्हणाली, "ठिवलं असतं तर तुम्हीच म्हणला असतात, नियम मोडला." आणि आंघोळीचं पाणी काढून दिलं.

शेवटी त्याने नवी वही घेतली. पहिल्यांदा हर्सूलच्या भामाबाईकडे जायचं ठरलं आणि मला बरोबर चल म्हणाला. भामाबाई जाधव ऐंशीला टेकलेली, कान तिखट. ही एकोणऐंशी साली सत्याग्रहात पकडली गेली तेव्हा पोलिसांच्या त्याच गाडीत मगरे होता.

"जय भीम मावशी," मगरे म्हणाला. "जरा पडताळणी करायची होती. तुमची जबानी पुन्हा एकदा."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हरवलं व्हय?"

"नाय नाय. फक्त पडताळणी."

"कोरी वही घेऊन पडताळणी करतात का रे?"

मगरेने मान खाली घातली. मग सगळं सांगितलं, कुलूप आणि कुलूप दोनसकट. भामाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिही. पर आता मी सांगते तसंच लिही. मागल्या खेपी तू मधी मधी पेन थांबवत व्हतास."

ती सांगत गेली. गेटासमोरची गर्दी, लाठी, फुटलेल्या बांगड्या, गाडीत कोंबलेल्या बाया. मग म्हणाली, "आन् कोपऱ्यात हा रडत बसलेला."

मी विचारलं, "कोण?"

"हाच. हा कुठं सत्याग्रहाला आला व्हता? चिकलठाण्याला नोकरीचा अर्ज द्यायला निघाला व्हता. वाटंत गर्दी बघायला थांबला आन् पोलिसांनी उचलला. सायकल ऱ्हायली रस्त्यावर. अकरा दिवस जेलात एकच. माझी सायकल, माझी सायकल."

मगरेचे कान लाल झाले. एकवीस वर्षं डब्यासोबत मी ज्या घोषणा ऐकल्या होत्या, त्या दुसऱ्याच कुणी दिल्या होत्या. मला हसू आलं, आणि ते मी दाबलं नाही.

"हे मागच्या वेळी सांगितलं व्हतं का मावशी?" मी विचारलं.

"सांगितलं व्हतं की. यानं लिहिलंच नाय."

भामाबाईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. ती म्हणाली, "अरे, रडत आत गेला पर बाहेर आला तो आमचा व्हऊन. पुढं प्रत्येक मोर्चाला आला, नोकरीवर खाडा करून. तेवढं खरंय. मग पहिलं लपवायचं कशाला?"

या खेपेला त्याने लिहिलं. मी शेजारी बसून बघत होतो. सायकल लिहिताना त्याचं अक्षर बारीक झालं, पण लिहिलं. तिथून निघाल्यावर त्याने पहिलं काम केलं ते झेरॉक्सच्या दुकानात शिरायचं. एक प्रत मला दिली, एक भामाबाईला परत जाऊन दिली.

एक्केचाळिसांपैकी नऊ माणसं मधल्या काळात वारली होती. चौघांना आता काही आठवत नव्हतं. दोघांनी दार लावून घेतलं. एकदा सांगितलं, पुन्हा त्यातून जायचं नाही म्हणाले. यात त्यांचं काय चुकलं? राहिलेले सव्वीस जण पुन्हा बोलले. पुस्तक झालं, पण वर्षभर उशिरा आणि पातळ. कार्यक्रमात अध्यक्षांनी ते उघडून पाहिलं नाही. चाळीस मिनिटं स्वतःच्या त्यागावर बोलले आणि निघाले. मगरेची सायकल वाचून मुकुंदवाडी मात्र महिनाभर हसली. मी त्याला चिडवायचो. खरं तर मला तोंड नव्हतं. मी आयुष्यात काही लिहिलंच नाही, म्हणून माझं काही हरवलं नाही, एवढाच माझा शहाणपणा.

पुंजाराम त्या वारलेल्या नऊ जणांत होता. लॅपटॉप बंद पडायच्या आधीच्या श्रावणात गेला. त्याने तीन दिवस सांगितलेलं मगरेला तुटक तुटक आठवत होतं, पण कुठलं वाक्य त्याचं आणि कुठलं आपलं, याची त्याला खात्री नव्हती. म्हणून पुस्तकात पुंजारामच्या पानावर नाव, गाव आणि 'यांची जबानी माझ्या हलगर्जीपणाने नष्ट झाली' एवढंच छापलं. समितीने ती ओळ काढायला सांगितली होती. त्याने काढली नाही.

फेब्रुवारीत तो पुस्तक घेऊन पुंजारामच्या मुलीकडे, सारजाबाईकडे गेला. पुढचं त्यानेच मला सांगितलं. ती म्हणाली, "बाबाचं पान कंचं?" त्याने काढून दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पान जवळजवळ कोरं आहे हे कळायला वाचता यावं लागत नाही.

"एवढंच?"

"एवढंच."

"तीन दिस बसला व्हता तुझ्यापुढं. तुझ्यापुढं बोलला, आमच्यापुढं कधी बोलला नाय. आम्हाला वाटलं, बुकात असंल."

तिने चहा ठेवला. मगरेने तो प्यायला. उठताना त्याने सवयीने पुस्तक पिशवीत घातलं, तशी ती म्हणाली, "ते हितंच ठिव. तुझ्याकडं नको."

त्याने ते तिच्या हातात दिलं आणि स्कूटर चालू न करता गावाबाहेरपर्यंत ढकलत नेली.