डाव्या बाजूचा ठिपका

नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला माहीत नाही – आणि तिला माझं बहुतेक सगळं माहीत असतं. चार वर्षं मी हे तोंडातून बाहेर काढलेलं नाही. आज तुम्हाला का सांगते आहे? कारण काही नाही. सांगते आहे, एवढंच.

लालबागला आमचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी चालवते. हल्ली इंजिन खोलण्यापेक्षा आरामाची कामं जास्त येतात – जाड सीट, उंच हँडल, बाहेरचे फूटरेस्ट. पन्नाशी उलटली की गुडघे दुखायला लागतात, पण गाडी सोडवत नाही. मग कंपनीचे फूटरेस्ट काढायचे आणि दोनेक इंच खाली, जरासे पुढे येतील असे दुसरे बसवायचे. पाय मोकळा होतो. काम अर्ध्या तासाचं. पण खड्डा आला की माणूस सीटवरून उठून उभा राहतो तो त्याच्यावरच, म्हणून नट पक्का आवळायचा. आणि आवळून झाला की लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा – अर्धा नटावर, अर्धा त्याखालच्या लोखंडी पट्टीवर. पुढे नट फिरला तर ठिपका तुटलेला दिसतो. आमचं गिऱ्हाईक पैसे देण्याआधी ठिपके बघतं. ठिपका आहे म्हणजे ताईंनी स्वतः आवळलंय.

ही पद्धत माझी नाही, बाबांची. आणि ती सुरू झाली परब नावाच्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळे.

तोंडावर मी त्याला परबकाका म्हणते. मनात नुसता परब. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच्या गाडीचा ब्रेक परळला लागला नाही. मागे बायको होती, तिचं मनगट मोडलं. दोन दिवस आधी ती गाडी मी दुरुस्त केली होती. तो दुकानासमोर उभा राहून बाबांवर ओरडला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा – "पोरीच्या हातात पाना दिलात मास्तर, दुसरं काय होणार?"

दुसऱ्या दिवसापासून मी आवळलेला प्रत्येक नट बाबा पुन्हा तपासायला लागले. गिऱ्हाइकासमोर. तपासून झाला की ठिपका द्यायचे – माझ्याच नेलपॉलिशच्या बाटलीतून. अकरा वर्षं. अंथरुणाला खिळेपर्यंत. ते गेले ते मला कच्ची समजूनच गेले. आणि खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. राहिलं असेल माझं काहीतरी.

चार वर्षांपूर्वी परब आला, फूटरेस्ट बसवायला. शिवडीच्या गोदामातून निवृत्त झालेला. दर शिमग्याला मालवणला गाडीनेच जायचा, त्याची मोठी मिजास होती. "गुडघो साथ देत नाय गो," म्हणाला. मी उजवी बाजू बसवली, आवळली, ठिपका दिला. तो स्टुलावर चहा पीत बसला होता. शेजारी आणखी एक गिऱ्हाईक होतं. त्याला तो मजेत सांगायला लागला –

"हिच्या बापाशी केवढा भांडलो होतो मी! आणि ब्रेक मीच खोललेला, आदल्या दिवशी, घरी. पण बायकोला कसं सांगणार? घरात घेतलं नसतं तिने. मग काय – ढकललं पोरीवर." आणि मग माझ्याकडे वळून, "काय गो बाय, आठवतं का?"

दोघेही हसले.

"आठवतं ना, काका," मी म्हटलं. "पाय जरा बाजूला घ्या."

पुढचं मी स्वतःला बराच काळ असं सांगत होते, की माझं लक्ष उडालं. डोकं फिरलं होतं, डावा नट आवळायचा राहून गेला. असं होऊ शकतं, नाही का? होऊ शकतं. पण तसं झालं नाही. पाना माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला. नट बोटांनी फिरवला, बोटांनी जाईल तेवढाच. मग बाटली उघडली आणि त्यावर ठिपका दिला – नेहमीपेक्षा नीट.

शिवडीच्या रस्त्यावर ट्रकच ट्रक असतात. निवृत्त झाला तरी जुन्या सोबत्यांना भेटायला हा माणूस रोज तिथून जातो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? होतं.

तिसऱ्या दिवशी स्पीडब्रेकरवर तो उभा राहिला आणि डावा फूटरेस्ट निसटला. मागे ट्रक नव्हता. घोटा दोन ठिकाणी मोडला, ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घालावी लागली. बातमी आली तेव्हा मला बरं वाटलं. भीती नंतर वाटली, आणि तीही पकडले जाण्याची.

दीड महिन्याने तो काठी टेकत दुकानात आला. गल्लीतली चार माणसं जमली. आता हा पुन्हा ओरडणार, म्हणून मी तयारीतच होते. तो म्हणाला, "हिचं काम चुकत नाय. ठिपका तुटलेला होता, मी बघितला. म्हणजे नट आवळलेलाच होता, मागाहून फिरला. मीच कुठेतरी गाडी आपटली असणार." एकाने शंका काढली, तर त्याच्या अंगावर धावला – "एकदा हिच्यावर खोटं घातलंय मी. आता नाय."

बोलायची तीच वेळ होती. मी काय बोलले? "काका, वय झालं आता. जपून चालवायची गाडी." सगळे हसले. तोही हसला.

इथे तरी थांबायला हवं होतं. थांबले नाही. त्याची मुलगी आली, विचारायला – डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी चालवता येईल, तर गाडी दुरुस्त करून ठेवू का? गाडीला फारसं काही झालं नव्हतं. मी म्हटलं, चासी, म्हणजे सांगाडाच वाकलाय, भरवसा नाही, गाडी विकून टाका. तिने माझा शब्द मानला. तो दोन दिवस जेवला नाही, असं तिनेच नंतर सांगितलं.

यंदाही शिमग्याला तो गावी गेला नाही. एसटीत एवढा वेळ पाय खाली सोडून बसवत नाही म्हणे. त्याची मुलगी दुकानात उभी राहून हे सांगत होती. मी ऐकून घेतलं, "काळजी घ्या म्हणावं" म्हटलं, आणि पुढची गाडी आत घेतली.