अण्णांनी संकल्पाचं पाणी अडवलं

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण गेल्या वैशाखात वास्तुशांतीच्या दिवशी जो आला, तो अजून उतरलेला नाही. आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

गगनबावडा रोडला आमच्या शेतात दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, नवं घर बांधलं. पूजेला आई-अण्णांनी बसायचं ठरलं. अण्णांनी जन्मभर म्हशी पाळल्या, डेअरीला दूध घातलं. शाळा चौथीतच सुटलेली. मी मात्र शहरातल्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले. मराठ्याची पोरगी संस्कृत शिकवते म्हटल्यावर अजून माणसं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात. न्याहाळू देत.

दादाचं वेगळंच. तो रोज सकाळी फोनवर वेदांची थोरवी पाठवतो. विमानं काय, अणुबॉम्ब काय, सगळं म्हणे त्यात आधीच होतं. एकदा मी विचारलं, "दादा, वेद किती, एवढं तरी सांग." तर म्हणाला, "तुझं आपलं कायतरीच असतंय!"

गुरुजी आले ते माईक आणि स्पीकर घेऊन. कळो न कळो, मंत्र पार रस्त्यापर्यंत ऐकू गेले पाहिजेत. पाटावर अण्णा, शेजारी आई. आईनं काय करायचं? तर अण्णांच्या हाताला हात लावून बसायचं. बास. जन्मभर त्या बाईनं शेणामुतात हात घातले, अण्णांच्या बरोबरीनं धारा काढल्या, आणि देवापुढं तिला काम काय, तर एवढंच.

"गोत्र?" गुरुजींनी विचारलं.

अण्णा गोंधळले. "ठाऊक न्हाय."

"मग काश्यप म्हणा," म्हणून गुरुजी मोकळे झाले. ज्याला गोत्र माहीत नाही त्याला काश्यप चिकटवायचं, ही जुनी रीत. पुढं ते म्हणू लागले आणि माझे कान टवकारले. वेदातला एक मंत्र नाही! सगळे पुराणातले श्लोक. आडनावावरून आधीच ठरलेलं. वेदातले मंत्र त्यांच्या घरच्यांना, पुराणातले श्लोक आम्हाला. ह्या भानगडीतून आमच्या कोल्हापुरात एकेकाळी राजासुद्धा सुटला नव्हता. मला वाटायचं, मिटलं आता. कसलं मिटतंय, डोंबल!

मी तोंड उघडणार, एवढ्यात अण्णाच बोलले. तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडायचं होतं, ते त्यांनी सोडलंच नाही.

"गुरुजी, हे काय म्हटलासा आत्ता?"

"संकल्प, काका. पाणी सोडा."

"सोडतो की. पर त्येचा अर्थ काय?"

"अर्थात शिरायचं नसतं. श्रद्धा ठेवायची."

"न्हाय, माझं नाव घेतलासा म्हणून इचारतोय. माझ्या नावानं देवाला काय सांगितलासा, त्ये मला कळाय नको व्हय?"

माईक चालूच होता. मांडवात चुळबूळ सुरू झाली. दादा धावत आला. "अण्णा, पावणं खोळंबल्यात. सोडा की पाणी!"

"सोडत न्हाय."

अण्णांनी हात तसाच ताम्हनावर धरला. आईनं हळूच आपला हात खाली नेला आणि त्यांचा तळहात धरून ठेवला. थेंब सांडू दिला नाही तिनं.

गुरुजी हसले. "मग तुमच्या ताई आहेत की संस्कृतच्या. त्याच सांगतील!"

ते हसणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले आणि माईक हातात घेतला. "अण्णा, ते म्हणाले की आज ह्या ठिकाणी, मी माझ्या बायकोसकट ही पूजा करतो. ह्या घरात राहणाऱ्या सगळ्यांचं बरं होऊ दे, त्यांना आयुष्य मिळू दे."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे सांगाय काय तोंड दुखत व्हतं?" म्हणत अण्णांनी पाणी सोडलं. मागं बसलेल्या बायका फिसकन हसल्या. पुढची पूजा गुरुजींनी घाईघाईत गुंडाळली, आणि दादा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. नाही तर नाही!

जेवणं उरकल्यावर अण्णांनी मला सोप्यात बोलावलं. "आता त्ये दुसरं सांग. आमच्यासाठी म्हणत न्हाईत, त्ये."

मी सांगत बसले. वेद कुणा एकानं रचले नाहीत, आणि कितीतरी पिढ्या ते लिहिलेही गेले नव्हते. बापानं म्हणायचं, पोरानं पाठ करायचं. गुरं राखणारी माणसं होती ती. आगीला, पावसाला, नद्यांना, पहाटेला हाका मारायची. गाई सुखरूप घरी येऊ देत, दूध वाढू दे, पोरंबाळं जगू देत, हेच मागणं. बायकांच्या नावावरची सूक्तंसुद्धा आहेत त्यात. पुढं उपनिषदं आली, त्यात तर प्रश्नच प्रश्न. एक बाई भर सभेत उठून मोठ्या पंडिताला खोदून खोदून विचारते. आणि वेदातच एक ऋषी विचारतो, हे सगळं जग आलं तरी कुठून? शेवटी म्हणतो, वरून बघणाऱ्याला ठाऊक असेल, नाहीतर त्यालाही नसेल.

अण्णा सरसावून बसले. "देवाला ठाऊक नसंल, असं म्हटलंय?"

"असंच."

"आन त्येला कुणी वाळीत टाकलं न्हाय?"

"नाही अण्णा. त्याचं म्हणणं जपून ठेवलं."

मला वाटलं, हसतील. पण त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"माझ्या बापानं एकदा देवळात इचारलं व्हतं, हे काय म्हणतासा म्हणून. पुजारी म्हणाला, तुज्या कानावर पडलं तर नरकात जाशील. तवापासनं कुठं मंतर सुरू झालं की बाप दोनी कान दाबून धरायचा. लगनात, पूजंत, कुठंबी. माझ्या लगनात अक्षता टाकल्या न्हाईत त्यानं, हात मोकळं नव्हतं म्हणून." आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. "मरताना धड शुद्ध न्हवती त्येला. शेजारच्या घरात पूजा चालली व्हती, आन ह्यो आपला कान दाबून पडलेला. मी हात वडून काढलं, तर रडाय लागला. भ्यालेला गं त्यो. आन ह्येच्यात हुतं काय, तर गाई घरला येऊ देत!"