सुनेच्या लाल गोळ्या

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या गरोदर सुनेच्या गोळ्या खाल्ल्या. एक-दोन नाही, सतरा. तेही चोरून.

निमित्त झालं रक्ताच्या रिपोर्टचं. साखर वाढलेली असणार हे मला ठाऊक होतं, पण डॉक्टरीणबाईंनी भलत्याच ओळीवर पेन टेकवलं.

"काका, फोलेट कमी आहे तुमचं. जेवता काय?"

"भात, सुकट. मधे मधे चहा."

"पालेभाजी?"

"असते की घरात."

"घरात नको, पोटात पाहिजे."

वय झालं की माणसं दोन-चार ठरावीक पदार्थांवर दिवस काढतात आणि मग हे असं होतं, त्यात तुम्हाला साखर, असं म्हणून त्यांनी माठ, मेथी, वाल, डाळी, सगळं कागदावर लिहून दिलं. पाला उकडून पाणी ओतून देऊ नका, हेही बजावलं. दोन महिन्यांनी परत तपासणी.

मी घाबरलो, हे कबूल करतो. माझ्या वडिलांच्या पायाचा अंगठा साखरेपायी कापावा लागला होता. डहाणूच्या घरी पोचेपर्यंत मी रिक्षात तीनदा चप्पल काढून माझा अंगठा जागेवर आहे ना ते पाहिलं.

पण घाबरणं वेगळं आणि माठ खाणं वेगळं. मी चिंचणीच्या किनाऱ्यावर वाढलो. आमच्याकडे पाला बकरीला घालत. सुनेचं माहेर आत डोंगरात, उधव्याकडचं. तिची आई बिचारी शेअर जीपवाल्याच्या हाती पिशवी भरून माठ, शेवग्याचा पाला, वालाच्या शेंगा पाठवायची. बायको मन लावून रांधायची. मी ताट घेऊन मागच्या पडवीत जेवायला बसायचो आणि शेजाऱ्यांची बकरी बाळसं धरायची.

अशात एकदा फ्रिजवरच्या डब्यात सुनेच्या सरकारी लाल गोळ्या दिसल्या. मी जन्मभर शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना लेबलं चिकटवली आहेत. पाकिटावर 'फॉलिक अ‍ॅसिड' दिसलं आणि मला एकदम मोकळं वाटलं. डॉक्टरीणबाईंचं फोलेट ते हेच! त्याच्या आधी काय लिहिलंय ते वाचायची तसदी मी घेतली नाही. नाजूक सुनेला एक, तर मला दोन तरी हव्यात, असा हिशेब करून सकाळी एक, संध्याकाळी एक सुरू केली.

चौथ्या दिवशी संडासात पाहिलं, तर डांबरासारखं काळं. आत कुठेतरी रक्त जात असलं की असं होतं, हे मी कुठंसं ऐकलं होतं. डॉक्टरीणबाईंकडे जावं, तर त्या काय सांगतील याची धास्ती. घरी सांगावं, तर सात महिन्यांची गरोदर सून आणि आधीच रक्तदाब असलेली बायको. गपचूप निरवानिरव करायला लागलो. बायकोला पाण्याचा पंप चालू करायला शिकवलं. मुलाला फोन लावून म्हटलं, "नीट राहा रे सगळे." तो म्हणाला, "बाबा, मी वरच्या खोलीतच आहे."

गोळ्या मात्र थांबवल्या नाहीत. उलट आता त्यांचाच काय तो आधार वाटत होता.

नवव्या दिवशी आशाताई आल्या. गावातल्या गरोदर बायकांची देखभाल त्यांच्याकडे. त्यांनी डबा उघडला, पाकिटं मोजली आणि सुनेकडे पाहिलं.

"अगं, इतक्या कशा संपल्या? मळमळतं म्हणून टाकून देतेस ना?"

"नाही ताई. रात्री जेवून एक घेते. रोज."

"मग बाकीच्या कुठे गेल्या? खरं सांग, ओरडणार नाही. पोटातल्या जिवाचा प्रश्न आहे."

सुनेचे डोळे भरून आले. मी समोरच पेपर धरून बसलो होतो. बोलायला हवं होतं. मी पेपर थोडा वर घेतला.

"बरं, एक सांग," आशाताईंनी आवाज खाली आणला. "संडासला काळी होते का? या गोळ्यांत लोह असतं ना, पोटात जात असतील तर काळीच होणार. घाबरायचं नसतं त्याला."

"होते," सून म्हणाली.

"मलापण!" मी ओरडलो.

इतक्या आनंदानं मी आयुष्यात क्वचितच ओरडलो असेन. पेपर खाली पडला. मागे शेजारची बकरीही ओरडली.

बायकोनं कपाळावर हात मारला. आशाताई मात्र हसल्या नाहीत. "काका, लोह तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? उद्याच डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं त्यांना सांगा. परत काळं दिसलं तर अंगावर काढायचं नाही." सुनेला म्हणाल्या, "तुझ्या गोळ्या संध्याकाळी आणून देते, खंड नको पडायला. आणि माझं चुकलं गं, उगाच तुला बोलले."

चुकलं माझं होतं. तसं मी म्हणालोही, पण चपलांकडे बघत.

दुपारी बायकोनं मला पडवीतून उठवून स्वयंपाकघरात बसवलं. ताटात माठाचा ढीग. मी एक घास घेऊन तोंड वाकडं केलं. चार वर्षांत जी मला उलटून एक शब्द बोलली नव्हती, ती सून वाढता वाढता थांबली.

"बाबा, तुमच्यापेक्षा पोटातलं हे शहाणं. मी खाते ते मुकाट्यानं खातं."